फक्त मागे जाणारी बंडी

१

पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आबिड्समधल्या मंठाळकर अँड असोसिएट्स या ऑफिसात ऋचा चौसाळकरला मालकांच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं. हर्षवर्धन मंठाळकर यांच्या टेबलावर दोन कागद होते. एक जर्नलमधून छापून काढलेलं पान, दुसरा टाइप केलेला.

"बस," ते म्हणाले. "ही बंडी ओळखतेस?"

ऋचाने पान उचललं. हैदराबादेत हातगाडीला बंडी म्हणतात. पानावर बंडीच्या मागच्या आसाचं चित्र होतं. आसाच्या मधोमध दातेरी चक्र, त्यावर स्प्रिंगने दाबलेली खिटी. बंडी पुढे ढकलली की खिटी दातांवरून घसरते, मागे येऊ लागली की दातात अडकते. चढावर बंडी माणसाच्या अंगावर येत नाही. मुद्दाम मागे घ्यायची असेल तर पायाने एक पट्टी दाबायची.

"ही चतुराबाईंची बंडी आहे," ऋचा म्हणाली. "आपण त्यांचा अर्ज बावीस जानेवारीला दाखल केला."

"अर्जदाराचं नाव वाच."

रथांग ट्रॉलीज. दाखल केल्याची तारीख पंधरा जानेवारी. त्यांनी लवकर प्रसिद्धी मागून घेतली होती, म्हणून पान एवढ्यात बाहेर आलं होतं.

"सात दिवस आधी," मंठाळकर म्हणाले. "आपल्याच ऑफिसातून बाहेर गेलं. आणि या ऑफिसात रथांगमध्ये पाच वर्षं नोकरी केलेली एकच व्यक्ती आहे."

त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. राजीनामा होता. खाली एक ओळ जास्तीची होती: पक्षकाराची माहिती माझ्या हलगर्जीपणामुळे बाहेर गेली.

"सोमवारी अकरापर्यंत सही कर. मी पुढे काही करणार नाही. नाही केलीस तर तुझं पेटंट एजंट म्हणून नाव रजिस्टरमधून काढावं, अशी तक्रार चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जाईल. पंचवीस वर्षं मी कोर्टात काढली आहेत, ऋचा. तक्रार कशी लिहायची ते मला येतं."

ऋचाने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"सही कर म्हणालो, घरी ने नाही म्हणालो."

"सोमवारी अकरा म्हणालात ना," ती म्हणाली. "अजून बहात्तर तास आहेत."

तिला बाहेर पडायची घाई होती. त्या चित्रात काहीतरी चुकलं होतं, आणि तिथे बसून ते मोजता येत नव्हतं.

२

नारायणगुड्यातल्या चौसाळकरांकडे तीन पिढ्या वकिली होती. ऋचाने मेकॅनिकल इंजिनिअरिंग घेतलं तेव्हा वडील, दत्तात्रय चौसाळकर, पंधरा दिवस तिच्याशी मोजकंच बोलले. पदवी घेऊन ती रथांगच्या डिझाइन विभागात लागली. पाचव्या वर्षी तिने बनवलेल्या एका सांध्यावर कंपनीने पेटंट घेतलं. शोधकर्ता म्हणून नाव लागलं मालकाच्या मुलाचं, ज्याने तो सांधा हातात धरलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिने विचारणा केली. उत्तर आलं की असंच असतं. असंच असतं की नाही हे पाहायला तिने कायद्याचं पुस्तक उघडलं. तसं नव्हतं. नोकरी सोडून तिने एलएलबी केलं, पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि दोन वर्षांपूर्वी मंठाळकरांकडे रुजू झाली.

"मुलगी वळसा घालून घरी आली," असं दत्तात्रयराव तेव्हा पाहुण्यांना सांगत.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी राजीनाम्याचा कागद चष्म्याजवळ धरून वाचला.

"ही कबुली आहे," ते म्हणाले. "राजीनामा नुसता वर पांघरलाय."

"माहीत आहे, बाबा."

"दुसरी नोकरी मिळेल. पण हे वाक्य जन्मभर मागे येईल. सही करू नकोस."

"करणारच नाहीये."

"मग जेव आधी."

जेवण झाल्यावर तिने जर्नलमधलं चित्र आणि आपल्या अर्जातलं चित्र शेजारी ठेवलं आणि पेन्सिलीच्या टोकाने दाते मोजले. आपल्या चित्रात सोळा. रथांगच्या चित्रात अठरा.

तिने पुन्हा मोजले. मग रथांगचा मजकूर वाचायला घेतला. तिसऱ्या परिच्छेदावर ती थांबली, उठून उभी राहिली, आणि हात हवेत गोल फिरवू लागली. आधी एका दिशेने, मग दुसऱ्या.

"काय गं?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, यांची बंडी पुढे जातच नाही."

३

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. मकरंद सेलूकर सकाळी साडेनऊलाच आले होते. बावन्न वर्षांचे, ऑफिसचे ड्राफ्ट्समन. यंत्राचं चित्र काढणं हे त्यांचं काम. मजकूर एजंट लिहितात, मकरंदकाका त्यात कधी डोकावत नाहीत.

"काका, बंडीचं चित्र कधी काढलं होतंत?"

"मॅडम, मला यात ओढू नका." त्यांनी दाराकडे पाहिलं. "काल सगळं ऐकू आलं बाहेर. माझी पोरगी बारावीला आहे."

"ओढत नाही. तारीख विचारतेय."

त्यांनी वही काढली. आठ जानेवारीला चित्र तयार झालं. मंठाळकरांना स्क्रीनवर चित्र बघायला आवडत नाही. प्रत्येक चित्राची एक छापील प्रत आधी त्यांच्याकडे पसंतीला जायची आणि ते होय म्हणेपर्यंत मजकुराला हात लावायचा नाही, अशी ऑफिसची पद्धत होती.

"ती प्रत तुम्ही कोणाजवळ दिलीत?"

"सरांच्या हातात. आठ तारखेला, संध्याकाळी."

"किती दाते होते तिच्यात?"

मकरंदकाकांनी मान खाली घातली.

"अठरा. माझीच चूक. दहा तारखेला चतुराबाई आल्या, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, सोळा करा, अठरात खिटी बसत नाही. मी फाइल दुरुस्त करून त्याच नावाने ठेवली, जुनी पुसली गेली. सरांकडचा कागद बदलायचा राहिला. हे कुणाला बोललो नाही."

"म्हणजे अठरा दात्यांचं चित्र जगात एकाच कागदावर होतं."

"हौ. एकाच." घाबरले की त्यांच्या तोंडून दखनी बाहेर पडायची. "सरांच्या केबिनमध्ये."

ऋचाने चित्राची प्रत पुढे ठेवली. पानावर डावीकडे आकृती एक: बंडी ढकलणारा जिथे उभा राहतो तिथून, म्हणजे मागून दिसणारा आस. तिच्या उजवीकडे आकृती दोन: फक्त दातेरी चक्र आणि खिटी, बाजूने पाहिलेली.

"आकृती दोन कुठल्या बाजूने पाहिलेली आहे, काका?"

मकरंदकाकांनी तिच्याकडे, तिला ताप आलाय का असं पाहिलं.

"डावीकडून. हे काय विचारणं झालं?"

४

तेजस फाटक पुण्याहून चार वर्षांपूर्वी या ऑफिसात आला होता. इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, पेटंट एजंट, आणि हैदराबादच्या मराठीवर विनोद करण्यात पटाईत. पण शनिवारी त्याने विनोद केला नाही. ऋचा समोर बसताच त्याने फोन पालथा ठेवला.

"मी रथांगशी बोललोय," तो स्वतःहूनच म्हणाला. "वैशालीताईंनी तुला सांगितलंच असेल, ऑफिसातलं सगळं त्यांच्या कानावर जातं. गेल्या महिन्यात दोन वेळा."

"त्यांनी नव्हतं सांगितलं. तू आत्ता सांगतोयस."

"छान. मूर्खच आहे मी." त्याने खुर्ची मागे ढकलली. "नोकरीसाठी बोललो. त्यांच्या कायदा विभागात जागा आहे. मुलाखत झाली, नाही म्हणाले. पगार जास्त मागितला म्हणे."

"बंडीबद्दल बोललास?"

"त्यांना माझा पगारच ऐकवेना, बंडी काय ऐकवू? आणि तू काय पोलीस आहेस का?"

"नाही. तुझ्यासारखीच रजिस्टरवर नाव असलेली एजंट आहे. माझं नाव जाणार असेल तर कोणामुळे ते मला कळायला हवं."

तो जरा नरमला. तिने रथांगच्या अर्जातले दावे त्याच्यापुढे ठेवले. पेटंटमध्ये दावे म्हणजे आपली हद्द आखणारी वाक्यं, शेताच्या बांधासारखी. ती सैल झाली तर शेजारी आत येतो, आणि फार आवळली तर आपलीच जमीन बाहेर राहते.

तेजसने ते दोनदा वाचले.

"सुरेख लिहिलेत," तो म्हणाला. "जाणकाराचा हात आहे. एजंट कोण?"

"कुणीच नाही. कंपनीने थेट दाखल केलाय."

"असं कोण करतं? एवढं लिहिता येतं तो आपलं नाव का नाही लावत?"

"तेच मी विचारतेय." तिने चित्र पुढे सरकवलं. "आकृती दोन कुठून पाहिलेली आहे?"

"डावीकडून. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात. डावीकडून जे दिसतं ते उजवीकडे काढायचं. पहिल्या वर्षाला यात दोनदा नापास झालोय, मेलो तरी विसरणार नाही. का?"

ऋचाने दाराकडे पाहिलं. दारात वैशाली उभ्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

५

"केबिनची एक किल्ली माझ्याकडे असते," वैशाली मुखेडकर म्हणाल्या. ऑफिसची व्यवस्था त्या बारा वर्षं पाहत होत्या. "दुसरी सरांकडे. हेच विचारायला येणार होतीस ना? मीच आले."

"आठ ते पंधरा जानेवारीत केबिन उघडलीत, ताई?"

"रोज. झाडायला कोण, तुझा बाप येतो?" मग त्यांना स्वतःचंच बोलणं लागलं. "सॉरी. दत्तात्रयरावांना मी मानते. पण काल तुझ्यावर आलं, आज माझ्यावर येणार. बीकॉम बाई, किल्ली हातात, सोपं आहे."

"बंडीच्या चित्राचा कागद पाहिलात?"

"पाहिला. टेबलावर दोन दिवस होता, नंतर दिसला नाही. सरांच्या खोलीतला कागद कुठे जातो ते मी विचारत नाही. नोकरी टिकते ती अशी."

ऋचाने चित्र दाखवलं. तोच प्रश्न विचारला.

वैशालींनी क्षणभरही विचार केला नाही.

"उजवीकडून. उजवीकडेच तर काढलंय. आंधळ्यालाही दिसेल."

तेजसने ऋचाकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलाशी मकरंदकाकांनी हातातली वही मिटली. रथांगच्या मजकुरातल्या तिसऱ्या परिच्छेदात नेमकं हेच लिहिलं होतं: आकृती दोनमध्ये उजव्या बाजूने पाहिल्याप्रमाणे.

६

रविवारी सकाळी मलकपेठच्या बाजारामागे, एका वेल्डरच्या शेडमध्ये, चतुराबाई आपल्या बंडीवरची कलिंगडं उतरवत होत्या. वय अठ्ठावन्न. नांदेडकडून लग्न करून आल्या, त्याला चाळीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी पुलाच्या चढावर भरलेली बंडी मागे येऊन त्यांचा घोटा मोडला होता. चार महिने पलंगावर पडून त्यांनी एकच विचार केला, आणि उठल्यावर वेल्डरला गाठलं. सहा वेळा चक्र कापलं, सातव्यांदा जमलं.

"वकीलबाई, पेपर काय म्हनतो?" त्यांनी विचारलं.

"पेपर म्हणतो की तुमची बंडी रथांगने शोधली."

"त्यांच्यातल्या कुनाचा पाय मोडला?"

"कुणाचाच नाही."

"मग कायकू शोधली?"

ऋचाने रथांगचा मजकूर मोठ्याने, सावकाश वाचला. उजव्या बाजूने पाहिलं असता आस घड्याळाच्या काट्यांच्या उलट मोकळा फिरतो आणि काट्यांच्या दिशेने अडतो. वेल्डरने चक्र काढलं, मजकुरात होतं तसंच बसवलं. चतुराबाईंनी नेहमीप्रमाणे दांडा धरून बंडी पुढे ढकलली. खट आवाज झाला आणि बंडी जागची हलली नाही. त्यांनी दांडा ओढला. बंडी टकटक करत खुशाल मागे आली.

चतुराबाई बंडीच्या दांड्यावर डोकं टेकवून हसू लागल्या. वेल्डर हसला. ऋचाही हसली, शुक्रवारनंतर पहिल्यांदाच.

"घोटा मोडायची मशीन बनवली यांनी," चतुराबाई म्हणाल्या. ऋचाने शनिवारी ऑफिसात झालेलं सांगितलं, तेव्हा डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पन चोर कोन? ती किल्लीवाली बाई?"

"तिने चित्र चुकीचंच वाचलं. पण तिला दावे लिहिता येत नाहीत."

"मग?"

"उद्या अकरा वाजता ऑफिसला याल? धंदा बुडेल थोडा."

"नक्को बोलनार होते का मी?"

७

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना सगळे केबिनमध्ये होते. चतुराबाईंना पाहून मंठाळकरांच्या कपाळावर आठी आली.

"पक्षकारासमोर हा तमाशा कशाला?"

"चोरी त्यांचीच झालीय, सर." ऋचाने राजीनामा टेबलावर ठेवला, शेजारी पेन. "सही करायच्या आधी एक शंका आहे. तक्रारीत तुम्ही लिहाल की मी चित्र रथांगला दिलं. चेन्नईचे अधिकारी विचारतील, हे यंत्र चालतं कसं. तुम्ही काय सांगाल?"

"माझी परीक्षा घेतेस?"

"तक्रारदाराला एवढं यायला हवं."

मंठाळकर हसले. वीस वर्षं ते ट्रेडमार्कचे खटले लढले होते, पेटंटचं काम ऑफिसात आलं त्याला पाच वर्षं झाली होती. युक्तिवादात त्यांना शहरात तोड नव्हती. इंजिनिअर नट मोजतात आणि वकील जग चालवतो, असं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. त्यांनी चित्र ओढून घेतलं.

"मागून पाहिलेला आस. इथे उजव्या बाजूने पाहिलेलं चक्र. आस असा फिरला तर मोकळा, असा फिरला तर—"

"सर, डावीकडून," तेजस म्हणाला.

तो हे सवयीने बोलून गेला होता. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला, मग हळूहळू बदलला.

"काय?" मंठाळकर म्हणाले.

"ते डावीकडून पाहिलेलं आहे," ऋचा म्हणाली. "आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक शाखेला हे शिकवतात. वर्कशॉपच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात त्याची खूण असते, पण पेटंटच्या चित्रावर आपण ती ठेवत नाही. ज्याने ते वर्ष काढलंय त्याला खूण लागत नाही. ज्याने नाही काढलं त्याला उजवीकडचं चित्र उजवीकडूनच दिसतं. रथांगचा अर्ज लिहिणाऱ्याला तसंच दिसलं. म्हणून त्याची बंडी फक्त मागे जाते. काल आम्ही बनवून पाहिली."

"म्यां ढकलली," चतुराबाई म्हणाल्या. "हलंना."

"रथांगच्या एखाद्या कारकुनाने लिहिलं असेल," मंठाळकर म्हणाले. "तू चित्र दिलंस, त्याने चुकीचं वाचलं. यात तू सुटत नाहीस."

"सुटते. रथांगच्या चित्रात अठरा दाते आहेत. अठरा दात्यांचा कागद एकच होता, आठ तारखेला तुमच्या हातात दिलेला. मी फाइल उघडली ती चौदाला, मजकुरासाठी, तेव्हा तिच्यात सोळा होते. मी चोरी केली असती तर सोळा गेले असते. तेजसने केली असती तरी सोळाच. शिवाय त्याने फाइल पाहिली सतराला, रथांगचा अर्ज गेल्यावर. मकरंदकाकांना चूक दहालाच कळली होती. ज्या चित्रात खिटी बसत नाही ते चित्र त्यांनी कशाला दिलं असतं?"

"वैशाली," मंठाळकर म्हणाले. एवढं एकच नाव.

वैशाली उभ्याच होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"ताईंकडे किल्ली होती," ऋचा म्हणाली, "आणि चित्रही त्यांनी चुकीचं वाचलं. शनिवारी मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण त्यांनी नुसता कागद दिला असता, तर रथांगने तो आपल्या डिझाइन विभागाला दाखवला असता. मी त्या विभागात पाच वर्षं होते. तिथला शिकाऊ पोरगाही बाजू ओळखतो. तो कागद तिथे गेलाच नाही. रथांगला मजकूर तयार मिळाला, दाव्यांसकट, फक्त सही करायला. आणि ते दावे सुरेख आहेत. तेजसने न विचारता सांगितलं."

तेजसने मान हलवली.

"एवढे चांगले दावे लिहिणारा एजंट म्हणून आपलं नाव लावतो. याने लावलं नाही, कारण त्याला लावता येत नाही. एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. म्हणजे दावे लिहिणारा, पण एजंट नसलेला. कोर्टात मुरलेला, पण ड्रॉइंग कधी न शिकलेला. आणि ज्याच्याकडे माझा मजकूर नव्हता, कारण तो मी वीस जानेवारीला पुरा केला. माझ्या मजकुरात डावीकडून असं स्पष्ट लिहिलंय. पण तुम्ही चित्रावर पसंती द्यायला सहा दिवस लावलेत, तोवर मला मजकुराला हातच लावता आला नाही. चौदाला तुम्ही होय म्हणालात. पंधराला रथांगचा अर्ज गेला."

केबिनमध्ये पंखा फिरत होता. मंठाळकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा पुरावा नाही," ते शांतपणे म्हणाले. "ही गोष्ट आहे. चांगली आहे. पण गोष्टच."

"मलाच का पुढे केलंत?"

"तू रथांगची. लोकांना पटलं असतं." त्यांनाही कळलं की हे वाक्य बोलायला नको होतं. मग त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. "ऐक. रथांग या ऑफिसला वर्षभर पुरेल एवढं काम देणार आहे. सगळ्यांना. तुलाही. या बाईंना मी योग्य ते मिळवून देतो. तू फक्त तो कागद फाड."

"राजीनामा?"

"हो. नको तो आता."

ऋचाने राजीनामा उचलला. पेनने शेवटची ओळ आडवी रेघ मारून खोडली, खाली 'वरील ओळ मला मान्य नाही' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.

"राजीनामा मी देतेच आहे," ती म्हणाली. "कबुली देत नाही."

"या दारातून बाहेर पडलीस तर या शहरात कुठलंही ऑफिस तुला घेणार नाही. मी सांगितल्यावर नाही."

"सांगा. पण काय चोरीला गेलं आणि कोणाच्या टेबलावरून, तेही लोक विचारतील."

चतुराबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. घोटा अजून दुखायचा.

"चला वकीलबाई," त्या म्हणाल्या. "उन्हं चढली."

८

जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, मागून चपलांचा आवाज आला. मकरंदकाका होते. हातात ती वही होती. आठ तारखेची नोंद, दहा तारखेची दुरुस्ती, दोन्ही त्यांच्याच अक्षरात.

"मॅडम, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागेल ना?"

"लागेल. आणि तुमची नोकरी जाईल, काका. मी खोटं सांगणार नाही."

वर ऑफिसचं दार उघडून पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला.

"तीस वर्षं चित्रं काढतोय," ते म्हणाले. "एवढं वाईट वाचलेलं चित्र पाहिलं नव्हतं. माझं होतं ते. कुठे जायचं नोटरीसाठी?"

"पोस्टाच्या समोर एक बसतो."

नोटरीकडे रांगेत चार माणसं होती. चतुराबाई बाकावर बसून राहिल्या, कारण त्यांचीही सही लागणार होती. ती त्यांनी मराठीत केली, प्रत्येक अक्षर सुटं, आणि ती पुरी होईपर्यंत नोटरीला शिक्का उचलू दिला नाही.

त्याच दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चेन्नईच्या पेटंट कार्यालयात रथांग ट्रॉलीजच्या अर्जाला ऑनलाइन विरोध दाखल झाला. कारण: शोध अर्जदाराचा नसून विरोधकाकडून गैरमार्गाने मिळवलेला आहे. सोबत ड्राफ्ट्समनचं प्रतिज्ञापत्र, वहीच्या दोन पानांच्या प्रती, आणि बंडीचे चार फोटो. त्यातल्या एकात बंडी रथांगच्या मजकुराप्रमाणे जुळवलेली होती आणि चतुराबाई ती पुढे ढकलण्याचा प्रयत्न करत होत्या. विरोधक: चतुराबाई. एजंट: ऋचा चौसाळकर. पत्त्याच्या रकान्यात नारायणगुड्याचं घर. दत्तात्रयरावांनी पुढची खोली रिकामी करायला घेतली होती आणि जुनी कायद्याची पुस्तकं कुठे ठेवायची यावरून ते स्वतःशीच भांडत होते.

विरोधाची प्रत ईमेलने रथांगला गेली होती. पाच वाजता मंठाळकरांचा फोन आला. ऋचाने तो घेतला.

"मी रथांगशी बोललो," ते म्हणाले. "ते अर्ज मागे घ्यायला तयार आहेत. विरोधातली माझ्याबद्दलची दोन वाक्यं तेवढी काढ. भेटून ठरवू या?"

"लेखी पाठवा, सर," ती म्हणाली. "पत्ता विरोधाच्या अर्जावर आहे."